अक्कलकारा म्हणून आणलेल्या रोपाला पाकळ्या नसलेली पिवळी बोंडं येतात. हा खरा अक्कलकारा का, आणि तो वाढवायचा कसा?

तुमचं रोप आहे ॲक्मेला ओलेरेसिया. जुन्या पुस्तकांत ते स्पायलँथिस या नावाने सापडेल, १९८५ मध्ये त्याला ॲक्मेला प्रजातीत घेतलं. औषधात ज्याची मुळी वापरतात तो अक्कलकारा म्हणजे ॲनासायक्लस पायरेथ्रम. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली आणि दोन्ही चावली की जीभ चुरचुरते, म्हणून नावांची सरमिसळ झाली.

त्यामुळे चव घेऊन रोप ओळखायला जाऊ नका. ॲक्मेलाच्या रानटी भाऊबंदांनीही जिभेला मुंग्या येतात, आणि या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्याने तर चाखूच नये. आधी पान बघा. ॲक्मेलाची पानं समोरासमोर, देठाची, रुंद आणि कडेला दातेरी असतात. ॲनासायक्लसचं पान गाजराच्या पाल्यासारखं बारीक चिरलेलं असतं आणि झाड जमिनीलगत पसरतं. त्याच्या फुलाला पांढऱ्या पाकळ्या असतात, खालून लालसर. ऊन गेलं की त्या मिटतात आणि तो लाल रंग वर दिसतो.

आता बोंड ब्लेडने उभं कापा. मधोमध एक निमुळता दांडा आणि त्याला चहूबाजूंनी चिकटलेली इवली फुलं दिसतील. एक बोंड म्हणजे फुलांचा अख्खा गुच्छ, ज्याला स्तबक म्हणतात. ही फुलं खालून वर उमलत जातात. म्हणून कोवळ्या बोंडाचा शेंडा तांबूस असतो आणि पुढे पिवळा होतो. काही वाणांत मात्र तांबूस रंग मुळातच नसतो. बोंडं अगदी लहान आणि काड्या बारीक असतील, किंवा कडेला चिमुकल्या पाकळ्या असतील, तर ती रानटी जात समजा.

लागवडीत बहुतेकांचं चुकतं ते बी पुरण्यात. या बियांना उगवायला उजेड लागतो. ओल्या, चाळलेल्या मातीवर बी नुसतं भुरभुरा, बोटाने हलकं दाबा आणि वरून माती टाकू नका. झारीचं पाणी दिलंत तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होईल. फवारा मारा किंवा ट्रे खालून भिजवा. २० ते २५ अंश तापमानात ७ ते १४ दिवसांत कोंब येतात. तेव्हापासून हवा खेळती ठेवा, नाहीतर रोपं मानेशी कुजून कोलमडतात. चार-सहा पानांवर आली की २५ ते ३० सेंटीमीटर अंतराने लावा, कुंडीत असेल तर १० इंची कुंडीत एकच. गोगलगायींचा या कोवळ्या रोपांवर फार डोळा असतो, रात्री टॉर्च घेऊन बघा.

याला पाण्याची ओढ सोसत नाही. माती सुकली की पानं लगेच मलूल होतात, पण पाणी साचूही देऊ नका. ऊन भरपूर हवं. सावलीत काड्या लांबट होऊन लोळतात. नत्राचं खत जास्त झालं की पालाच माजतो आणि बोंडं कमी लागतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, बगलेतून फांद्या फुटतील. जमिनीला टेकलेल्या पेरांना आपोआप मुळं फुटतात, म्हणून ८-१० सेंटीमीटरचा छाट खालची पानं काढून ओल्या मातीत खोचला तरी लागतो. थंडीत दहिवर पडून गोठलं तर झाड मरतं, त्याआधी छाट आत आणून ठेवा.

बियांसाठी बोंड झाडावरच तपकिरी, कोरडं होऊ द्या. खालचं बी आधी पिकून गळतं, तेव्हा वरचं पिकेपर्यंत थांबू नका. तळहातावर चोळून भुसा फुंका. काळपट, चपटं बी ठेवा. फिकट निघालं ते बहुधा पोकळ असतं.

खरा अक्कलकारा हवाच असेल तर त्याला वेगळी, खोल कुंडी द्या. त्याचं सोटमूळ सरळ खाली जातं. माती वाळूमिश्रित, आणि दोन पाण्यांच्या मध्ये ती सुकू द्यायची. ॲक्मेलाच्या सवयीने रोज पाणी घातलंत तर त्याची मुळी कुजेल.