खंड्याचं सलाईन किती दिवस चालवायचं?

प्रश्न : डॉक्टरकाका, आमचा खंड्या १० वर्षांचा आहे, लॅब्राडॉर आणि गावठीचा क्रॉस. दिवाळीपासून तो पाणी फार प्यायला लागला. रात्री दोन-दोनदा दार खरवडून बाहेर जायचा. आम्ही म्हटलं, वय झालं. मग जेवण कमी झालं, ३१ किलोंचा २४ वर आला आणि आता उलट्या सुरू झाल्या. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ७.८, हिमोग्लोबिन ६.९. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सोनोग्राफी केली, तर दोन्ही किडन्या आक्रसल्यात म्हणाले. पाच दिवस रोज सलाईन चाललंय. काल क्रिएटिनिन ६.४ आलं. उलट्या थांबल्यात, थोडं थोडं खातो.

ह्यांचं म्हणणं, मुंबईला नेऊन डायलिसिस करू, कर्ज काढावं लागलं तरी काढू. सासूबाई म्हणतात, खंडोबाचं कुत्रं आहे, सुई देऊन मारायचं पाप घरावर नको, वेळ आली की जाईल आपला. दीर म्हणतात, हाल करू नका, सोडवा त्याला. मुलगा नववीत आहे, तो कुणाशी काही बोलत नाही, रात्री खंड्याशेजारी सतरंजी टाकून झोपतो. दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडे, म्हणून सगळे मलाच विचारतात, "काय ठरवलंस?" मी काय ठरवू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी रिपोर्टचं बोलू. तुमच्या घरातला अर्धा वाद हा रिपोर्ट कुणी नीट समजावून न सांगितल्याचा आहे.

कुत्र्याच्या किडन्या दोन तऱ्हांनी जातात. एक म्हणजे अचानक. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीनं बाटलेल्या पाण्यातून लेप्टो हा जंतूंचा आजार होतो, किंवा पाहुण्यांपैकी कुणीतरी लाडानं मूठभर मनुका चारतो. परवापर्यंत उड्या मारणारा कुत्रा आज आडवा. अशा वेळी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायची रक्तातली घाण, दहावर गेलेलं असलं तरी मी लोकांना सांगतो, हात आखडू नका, कारण मार बसलेली किडनी सावरू शकते. दुसरी तऱ्हा हळूहळू येते. महिनोन्महिने तहान, उतरत गेलेलं वजन, कमी झालेलं रक्त आणि सोनोग्राफीत आक्रसलेल्या किडन्या. तुमच्या पत्रात हे चारही आहे. क्रिएटिनिन वाढलेलं दिसायला लागतं तेव्हाच किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं, आणि गेलेला भाग परत येत नाही. दिवाळीतच तपासलं असतं तर खाणं बदलून काही काळ जास्त मिळाला असता, किडन्या मिळाल्या नसत्या. ती टोचणी लावून घेऊ नका.

७.८ चं ६.४ झालं ते कशानं? उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं होतं, ते सलाईननं भरून निघालं. आता पाणी भरल्यावरही जो आकडा उरला तो खरा खंड्याचा. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात आणि क्रिएटिनिन पाचच्या पुढे गेलं की ती चौथी. तुमच्या डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं नसेल, तर उद्या सरळ विचारा. आम्हा डॉक्टर मंडळींना "बघू, चालू ठेवू" म्हणणं फार सोपं जातं.

डायलिसिसबद्दल मी तुमच्या मिस्टरांना एकच सांगेन, त्यासाठी कर्ज काढू नका. अचानक बिघडलेल्या किडनीला सावरायला आठ-पंधरा दिवस मिळावेत, यासाठी कुत्र्याचं डायलिसिस करतात. खंड्याच्या किडन्या सावरणाऱ्या नाहीत. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी मशीन, तेही मरेपर्यंत. माणसांसारखं पुढे किडनी बदलण्याची सोयही नाही. साताऱ्याहून मुंबई, गाडीत तासन्‌तास, अनोळखी टेबल, मानेत नळी. त्यातून त्याला मिळतं काय? आणि पैशाचा विचार मनात आला म्हणून लाजू नका. ज्या उपचारातून कुत्र्याच्या पदरात काही पडत नाही, त्यावर मुलाच्या शिक्षणाचे पैसे घालू नयेत.

मग आजच सुई द्या म्हणतोय का मी? नाही. उलट्या थांबल्यात, तो खातोय. दीर जे म्हणतात त्याची वेळ येणार आहे, अजून आलेली दिसत नाही. माझा सल्ला, घरी आणा त्याला आणि सात दिवसांची मुदत घ्या.

शिरेतून रोजचं सलाईन थांबवता येईल का आणि त्याऐवजी रिंगर लॅक्टेट हे सलाईन घरी कातडीखाली देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. किती आणि किती वेळा ते ठरवतील, पहिल्यांदा त्यांच्यासमोर करून दाखवायला सांगा. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत जरा ठेवायची, खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारख्या झालेल्या त्या पोकळीत सुई आडवी सरकवायची. पाणी जायला लागलं की तिथं फुगवटा येतो आणि थोड्या वेळानं तो ओघळून पुढच्या पायाशी लोंबतो. बघून धस्स होतं, पण ते हळूहळू जिरतं. हे काम मुलाला द्या. तो बोलत नाहीये कारण त्याच्या हातात काहीच नाही.

उलटीचं औषध, ॲसिडचं औषध आणि फॉस्फरस धरून ठेवणारं औषध (हे जेवणाबरोबरच द्यायचं, एरवी वाया) लिहून घ्या. घरातली दुखण्यावरची गोळी, आयब्युप्रोफेन वगैरे, चुकूनही नको; उरलीसुरली किडनी त्यानं जाते. खाण्यात हाडं, कलेजी, दूध बंद. मऊ भात आणि अंड्याचा पांढरा भाग बरा. पण एवढ्या पुढच्या पायरीवर मी पथ्याचा हट्ट धरत नाही. भाकरीचा पापुद्रा मागत असेल तर द्या. उपाशी कुत्र्याचं पथ्य कोणाच्या कामाचं? तोंडाला लघवीसारखा वास येत असेल तर ओठ उचलून हिरड्या आणि जीभ बघा. तिथं फोड असतील तर "खात नाही" याचा अर्थ "दुखतंय म्हणून खाता येत नाही" असा असतो, आणि त्यावर औषध देता येतं.

आता ठरवण्याचं. आज रात्री सगळे एकत्र बसा, सासूबाईंसकट, आणि खंड्या धडधाकट असताना रोज हमखास काय करायचा अशा तीन-चार गोष्टी काढा. दूधवाल्याची गाडी वाजली की फाटकाशी पळणं, सायकल ओळखणं, जे असेल ते. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत खूण करा. आपण होऊन उठला, खाल्लं ते पोटात राहिलं आणि त्या गोष्टींपैकी एक तरी केली, तर बरोबर, नाहीतर फुली. खूण रोज वेगळ्या माणसानं करायची, म्हणजे एकाच माणसाच्या आशेचा किंवा धास्तीचा हिशेब होत नाही. सातव्या दिवशी रक्त तपासा, पण आकड्याआधी कॅलेंडर बघा. बरोबर जास्त असतील तर आणखी सात दिवस. फुल्या जास्त झाल्या, किंवा लागोपाठ दोन दिवस तोंडात घास गेला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायचं, असं आताच एकमेकांना कबूल करा. अंगाला झटके यायला लागले तर सात दिवसांची वाट बघू नका.

सासूबाईंचं मन मोडू नका, पण त्यांच्यापासून लपवूही नका. "वेळ आली की जाईल" असं त्या म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे झोपेत गेलेला म्हातारा कुत्रा असणार. किडनीचं मरण क्वचितच तसं असतं. उलट्या, तोंडात जखमा, झटके, आणि हे कित्येक दिवस चालतं. त्यांना एकदा दवाखान्यात न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मी पाहिलेल्या जुन्या बायका जनावराचे हाल समोर दिसले की आपणच म्हणतात, "सोडवा हो त्याला." जेजुरीचा भंडारा घरात असेलच. त्या दिवशी तो त्यांच्या हातून खंड्याच्या कपाळाला लागू द्या.

सुई घरी, त्याच्या सतरंजीवर द्यायला सांगा आणि एक गोष्ट आधी विचारा, "पूर्ण भूल देऊनच ना?" आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध जाते, मग श्वास, मग हृदय. मिनिट-दोन मिनिटांत संपतं. भूल न देता दुसरं काही टोचायला कुणी निघालं तर थांबवा. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा मोठा श्वास येतो, लघवी होते. त्याला काही कळतंय असं नसतं, हे मुलाला आधी सांगून ठेवा. त्याला थांबायचं असेल तर थांबू द्या, नसेल तर आग्रह नको. नववीतल्या मुलाला न विचारता क्लासला पाठवून मागे उरकून टाकू नका. ती गोष्ट मुलं विसरत नाहीत.

आणि एक फोन आजच करा. तुमचे डॉक्टर रात्री घरी येतात का? येत नसतील तर साताऱ्यात कोण येतं? झटके रात्री दोनलाही येऊ शकतात, तो नंबर कॅलेंडरच्या कोपऱ्यात आताच लिहून ठेवा.