नांगरणी स्पर्धा घ्या भाऊ, पण घड्याळ घरी ठेवा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावात नांगरणी स्पर्धा ठेवायची, ट्रॅक्टरचा एक गट आणि बैलजोडीचा एक, अर्धा एकर जो आधी उरकेल त्याला ढाल, आणि शेवटी जाता जाता विचारलंय की काळ्या जमिनीला दरवर्षी पलटी, म्हणजे माती खालीवर उलटवणारी खोल नांगरट, मारावीच लागते का. मी अमळनेरकडचा, नांगरामागे चाललेलो पण आहे आणि ट्रॅक्टरवर बसलेलो पण, म्हणून जरा लांबण लावतो, सहन करा.

सगळ्यात आधी ते "आधी उरकेल त्याला" काढून टाका. नांगरणीत लवकर उरकणारा बहुतेक वेळा वरवर खरडून गेलेला असतो. आमचे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कोणी बैल दामटायला लागला की बांधावरून ओरडायचे, "वावर काय पयी जाई ऱ्हायनं का?" म्हणजे शेत काय पळून चाललंय का. त्यांचा पहिला तास, म्हणजे नांगराने पाडलेली पहिली ओळ, बघण्यासारखा असायचा. समोरच्या बांधावरची एखादी बाभूळ धरायची, दोन बैलांच्या मधून नजर तिच्यावर, खाली फाळाकडे बघायचंच नाही, रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीच्या दांड्यावर, हात नुसता टेकलेला. खाली बघितलं की तास वाकडा गेलाच म्हणून समजा, आणि पहिला वाकडा गेला की पुढचे सगळे त्याच्या मागे वाकडे. आदल्या दिवशी लोहाराकडून फाळ शेवटून, म्हणजे धार काढून, आणलेला नसला तर ते औतच जुंपायचे नाहीत.

आता बाहेर कशी घेतात ते सांगतो, त्यातून तुम्हाला नियम सापडतील. आयर्लंडची राष्ट्रीय स्पर्धा 1931 ला सुरू झाली ती दोन मित्रांच्या वादातून, कोणाच्या जिल्ह्यातला माणूस चांगला नांगरतो म्हणून, म्हणजे आपल्या पारावरच्या वादासारखंच की. मग 1953 ला कॅनडात कोबर्ग नावाच्या गावाजवळ पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे एकेकाला साधारण 100 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असा तुकडा देतात, म्हणजे आपले 20 गुंठेच धरा. एक दिवस पीक काढलेल्या धसकटाच्या रानात आणि एक दिवस गवताळ रानात. सुरुवातीचे तास पाडायला 20 मिनिटं आणि बाकी तुकड्याला 2 तास 40 मिनिटं!! एवढ्याशा जागेला एवढा वेळ, आपला ट्रॅक्टरवाला तेवढ्यात चार वावरं फिरून चहा पिऊन येईल. वेळ संपायच्या आत काम झालं पाहिजे एवढंच, लवकर झालं म्हणून मार्क नाहीत. मार्क असतात ते सुरुवात कशी केली, तास सरळ आहेत का, खोली सारखी आहे का, धसकट नि गवत पूर्ण गाडलं गेलं का, दोन्ही टोकांना नांगर एका रेषेत घातला-उचलला का, आणि शेवट कसा केला याला.

शेवट म्हणजे काय ते जरा समजून घ्या कारण आपल्याकडे तिकडे कोणी बघतच नाही. साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो, त्यामुळे मधून सुरुवात केली की तिथे दोन्हीकडची माती येऊन उंचवटा होतो आणि जिथे काम संपतं तिथे नाली राहते. चांगला नांगरणारा उंचवटा बसका ठेवतो आणि नाली उथळ नि अरुंद. आपल्याकडे ती नाली ढोपरभर सोडून देतात, मग पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी त्याच वाटेने पळतं आणि वरची चांगली माती नाल्यात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पलटी नांगराला हा त्रास नाही, तो येताजाता माती एकाच अंगाला टाकत जातो, म्हणून तिकडे साध्या आणि पलटी नांगराचे गट वेगळे असतात. तुम्ही पण वेगळे ठेवा नाहीतर भांडणं होतील.

परीक्षण अवघड नाही. एक लोखंडी गज घ्या, इंचाच्या खुणा करा, प्रत्येकाच्या तुकड्यात दहा ठिकाणी मोकळ्या मातीत खुपसून बघा. एकीकडे 9 इंच आणि चार पावलांवर 5 भरले की मार्क कापा. कपाशीच्या काड्या किती वर दिसतात ते मोजा. आणि बैलांच्या गटात पराणी, म्हणजे टोकदार काठी, टोचली की सरळ बाद.

तारखेचं मात्र पटत नाही. आखाजीला आपल्याकडे ऊन कुठे गेलेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको, त्यात जुंपलेले बैल म्हणजे पापच. जमीन पण तेव्हा दगड झालेली असते. मला मान्य की त्या दिवशी सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांचं, साल संपतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, गर्दी आयती मिळते. पण संक्रांतीनंतर कपाशी उपटून झालेलं वावर घ्या, जमिनीच्या अंगात थोडी ओल असते, सकाळी 8 ला सुरू करून उन्हाच्या आत संपवा. फरदड, म्हणजे जुन्याच कपाशीचं पुढचं पीक, न ठेवता तेव्हाच नांगरलं तर बोंडअळीचे कोष उघडे पडतात, बगळे मागे लागलेलेच असतात, तो फायदा वेगळा.

आता पलटीचं. आबांच्या काळात हरळी आणि कुंदा ही खोल मुळांची तणं काढायला सहा-आठ बैलांचा लोखंडी नांगर लागायचा, एकट्याकडे कुठे एवढे बैल, मग इर्जिक घालून चार घरच्या जोड्या एकत्र करायच्या. त्याच्या आधीचे लोक तर लोखंडाने जमिनीत विष उतरतं म्हणायचे, किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर खपायला 2 वर्षं गेली होती. पण तो मोठा नांगर दरवर्षी कोणी लावत नव्हतं, एरवी सगळं वखरावर, म्हणजे वरची माती हलवणाऱ्या औतावर. आणि आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगा पाडून स्वतःच मोकळी होते. म्हणून 2-3 वर्षांतून एकदा खोल नांगरट, मधल्या वर्षी कल्टिव्हेटर आणि वखराच्या पाळ्या, एवढं बास. हुमणी ही मुळं खाणारी अळी नाहीतर कुंदा माजला असेल तर गोष्ट वेगळी.

रोटाव्हेटरचं, म्हणजे माती बारीक करणाऱ्या ट्रॅक्टरच्या यंत्राचं, मी स्वतः भोगलंय. एका वर्षी अवकाळी पडला आणि ट्रॅक्टरवाला म्हणे पुढच्या आठवड्यात नंबर लागणार नाही, मी पण घाई केली, वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, न बघता ओल्यात पलटी मारून घेतली. आठ दिवसांत विटेसारखी ढेकळं, कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, फुटेनात. मग ती फोडायला तीनदा रोटाव्हेटर. वर चार-पाच इंच नुसतं पीठ आणि खाली पाट्यासारखा घट्ट थर! मृगाचा पाऊस पडला तर वर पापडी धरली, पाणी आत जाईना, कपाशी वीतभर होऊन पिवळी पडून बसली. त्या वर्षी उपटलेल्या झाडाची सोटमुळी बघितली, सरळ खाली जाऊन एकदम आडवी वळलेली, कोपरात वाकवलेल्या हातासारखी. पैसे मीच मोजले होते, बोलणार कोणाला. तेव्हापासून मूठभर माती दाबून बघतो, गोळा होऊन टाकल्यावर फुटला तरच नांगर, चिकटून राहिला तर ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजून परत पाठवतो, नंबर गेला तर गेला.

तुमच्या स्पर्धेत पण परीक्षकाने सकाळी आधी हा गोळा करून बघावा, ओल जास्त असेल तर दोन दिवस पुढे ढकला, मंडपवाला ओरडेल, ओरडू द्या. आणि वावर ठरवाल तेव्हा उतार कोणत्या अंगाला आहे ते बघून मगच तुकडे आखा, तास उताराला आडवे आले पाहिजेत. रस्त्यावरून छान दिसतं म्हणून उताराच्या दिशेने आखू नका, वावर देणारा पावसाळ्यात तुम्हाला शोधत येईल.