उजवा डोळा पहाटे उघडत नाही

प्रश्न : नमस्कार दादा, मी गुहागरचा. माझ्याकडे 1991 ची माझदा एमएक्स-5 आहे, मुंबईच्या एका ओळखीच्याकडून घेतलेली, पॉप-अप हेडलाइटवाली, म्हणजे दिवे बॉनेटमध्ये लपलेले आणि मोटरने वर येणारे. गणपती झाले तेव्हापासून उजवा दिवा त्रास देतोय. डावा टुणकन वर येतो आणि उजवा अर्ध्यात थांबतो, गाडी डोळा मारतेय असं दिसतं आणि वाडीतली पोरं हसतात. गंमत म्हणजे दुपारी बऱ्यापैकी वर येतो, पण पहाटे हेदवीला निघालो की मेला अडकतो. बाबांनी दिवाळीत गंज असेल म्हणून सांध्यांत खोबरेल सोडलं, चार दिवस झक्क चाललं, आता थंडीत आधीपेक्षा वाईट. मेकॅनिक म्हणतो मोटर गेली, नवीन मागवा. मागवू का?

उत्तर : थांबा भाऊ, पैसे काढू नका अजून. पहाटे अडकतो आणि दुपारी चालतो हे तुम्हीच लिहिलंय, आता उद्या पहाटे न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली उलटी करून बघा. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजायला लागतं, म्हणजे पौषात तुमच्या दिव्याच्या सांध्यात मेण भरल्यासारखं झालेलं असणार आणि वर आपली लाल माती त्याला चिकटून बसलेली. बाबांचा हेतू चांगला होता, माझ्या आजोबांनी तर शिलाई मशीनपासून रहाटापर्यंत सगळ्याला तेच घातलं, पण इथे नाही चालत.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ही मोटर मध्येच फिरली तर बोट चेचतं. मग मोटरवर रबरी टोपी दिसेल, ती काढली की खाली एक गोल नॉब असतो, तो हाताने फिरवत राहिलं की दिवा वर येतो, वेळ लागतो पण येतो. आता मोटरच्या दांडीपासून लिंक, म्हणजे मोटर आणि दिवा जोडणारा दुवा, सोडवा आणि दिवा नुसता हाताने वर-खाली करा. जड गेला तर दोष सांध्यात, मोटरला उगीच बदनाम करू नका. जुनं तेल रॉकेलच्या फडक्याने पुसा, वायरिंगला आणि रबराला लागू देऊ नका, आणि पांढरं लिथियम ग्रीस भरा.

पण तुमचा दिवा खोबरेलाच्या आधीपासून, पावसाळा संपल्यापासूनच कुरकुरतोय, म्हणून तेवढ्यावर सोडू नका. एकच बाजू बिघडलीये म्हणजे मेन फ्यूज ठीक आहे, तो गेला असता तर दोन्ही दिवे झोपले असते. लिंक सुटलेलीच असताना बॅटरी जोडा, हात लांब ठेवा आणि डॅशबोर्डवरचं दिवे नुसते वर करायचं बटण दाबा. मोकळी मोटर जोरात फिरली तर ती शाबूत आहे. रडतखडत फिरली तर टेस्ट लॅम्प घ्या, कनेक्टरला करंट पोचतोय का बघा, आणि नंतर अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने लावलेली निगेटिव्हची जोडणी. समुद्रकाठी निम्मे आजार अर्थचेच, खारा वारा बोल्टखाली शिरतो, वरून बोल्ट चकचकीत आणि खाली हिरवट भुकटी. सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. करंट आणि अर्थ दोन्ही ठीक आणि तरी मोटर मुकी, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका, ठोकल्यावर चालली तर मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेत, मग मेकॅनिक बरोबर.

अजून एक, कधी दिवा थांबायलाच तयार नसेल, सारखा वर-खाली वर-खाली करत राहिला तर घाबरू नका. ही मोटर एकाच दिशेला फिरते, अर्ध्या फेरीत वर आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत खाली, आणि कुठे थांबायचं ते आतली तांब्याची पट्टी ठरवते. ती पट्टी काळी पडली की असं होतं. मोटर उघडून ती साफ करता येते, नवीन लागत नाही.

प्रश्न (त्याच पत्रातला) : पावसाळाभर दिवे वर करूनच ठेवले तर?

उत्तर : ठेवा की. मी स्वतः तेच करीन, कारण मुसळधार पावसात कुंभार्ली घाटात मध्येच एक डोळा मिटला तर हसणाऱ्या पोरांएवढं सोपं नसतं ते. या गाडीत दिव्याच्या बल्बचा आणि वर-खाली करणाऱ्या मोटरचा फ्यूज वेगवेगळा आहे, त्यामुळे दिवे वर केले की मोटरचा फ्यूज काढून घ्या, दिवा लागतो पण खाली जात नाही. दिसायला गाडी जरा बेडकासारखी दिसते, आणि हायवेला वारा जास्त अडतो, ते सोसायचं. काच फुटली तर आतला दिवा 7 इंची गोल आहे, आपल्या जुन्या जीपच्या मापाचा, चिपळूणला विचारून बघा. काढलेला फ्यूज मात्र कप्प्यात एका डबीत ठेवा, पुढच्या दसऱ्याला शोधत बसाल.