वाचकांचे प्रश्न : भाषकांच्या रक्षणाचा रशियन दावा

प्रश्न (एक वाचक, खानापूर) : युक्रेनमधील रशियन भाषकांवर अन्याय होत होता, म्हणूनच सैन्य पाठवावे लागले, असे रशियाचे सरकार सांगते. भाषिक अन्याय म्हणजे काय, हे १९५६ पासून कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. मग आपली सहानुभूती रशियाकडे का असू नये?

उत्तर : सहानुभूती रशियन भाषकांविषयी वाटते की रशियन सरकारविषयी, हे आधी वेगळे करावे लागेल. युक्रेनमधील रशियन भाषकांची तक्रार सर्वस्वी बनावट होती, असे आम्ही म्हणणार नाही. २०१२ च्या कायद्याने रशियनसह अनेक भाषांना त्या त्या प्रदेशात अधिकृत वापराची मुभा मिळाली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्तांतर होताच तो कायदा रद्द करण्याचे विधेयक संसदेने घाईघाईने संमत केले. हंगामी अध्यक्षांनी त्यावर सही केली नाही, तरी लोकांच्या मनात जी भीती बसायची ती बसलीच. पुढे २०१७ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शाळांत युक्रेनियन माध्यमावर भर दिला, तेव्हा हंगेरियन आणि रुमानियन भाषकही नाराज झाले, आणि युरोप परिषदेच्या, राज्यघटनाविषयक सल्ला देणाऱ्या व्हेनिस आयोगाने, रशियनला इतर अल्पसंख्याक भाषांपेक्षा कमी लेखण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असे सरळ सुनावले.

आता यावर रशियाने कोणता उपाय केला ते पाहावे. संसदेतील त्या मतदानाला महिनाही उलटला नव्हता, तोच बिल्ले नसलेल्या गणवेशातील सैनिकांच्या पहाऱ्यात १६ मार्च २०१४ रोजी युक्रेनच्या क्रिमिया द्वीपकल्पात सार्वमत घेण्यात आले आणि १८ मार्चला तो प्रदेश रशियात सामील करून घेतल्याच्या करारावर सह्या झाल्या. युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडून द्यावीत आणि रशियाने त्याच्या सीमांचा आदर राखावा, हे १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे लेखी ठरले होते. जॉर्जियात यापूर्वीच हा प्रयोग होऊन गेला होता. तेथील अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया या फुटून निघालेल्या प्रदेशांतील लोकांना आधी रशियन पासपोर्ट वाटण्यात आले आणि ऑगस्ट २००८ मध्ये या नव्या ‘नागरिकां’च्या रक्षणाचे कारण सांगून सैन्य आत शिरले. २०१९ पासून पूर्व युक्रेनमधील डोनबासमध्येही पासपोर्टांचे वाटप सुरू झाले. २०२२ च्या आक्रमणात ज्या शहरांवर तोफांचा मारा झाला, त्यांतील मारियुपोल आणि खार्किव्ह ही तर घरादारांत, बाजारपेठांत प्रामुख्याने रशियन बोलणारी शहरे. उत्तर कर्नाटकातील एक वैद्यकीय विद्यार्थीही खार्किव्हमध्ये याच माऱ्यात प्राणास मुकला. ज्यांचे रक्षण करायचे त्यांचीच घरे पाडणाऱ्या सैन्याला भाषेचा कैवारी म्हणायला आमचे मन धजत नाही.

आपल्या सीमाप्रश्नाशी हे प्रकरण जोडण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण जोड बसत नाही. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या विलंबाचा संताप येणे स्वाभाविक आहे, आणि मराठी शाळांतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा किंवा मराठीतून न मिळणारी परिपत्रके व उतारे हे प्रश्न खरेच आहेत. तरीही बेळगावचा मराठी माणूस निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी भारताचा नागरिकच राहतो. वाद आहे तो त्याचा आमदार कोणत्या विधानसभेत बसणार याचा, आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे कलम ३५०-अ दोन्ही राज्यांना सारखेच लागू आहे. ते पाळले जात नाही ही तक्रार घेऊन न्यायालयात जाता येते. क्रिमियात ज्यांना सामिलीकरण नको होते, त्यांना अशी कोणतीही वाट ठेवलेली नव्हती.

प्रश्न (एक शिक्षिका, निपाणी) : रशियात तातार, उदमुर्त, बुर्यात अशा लोकांची स्वतंत्र प्रजासत्ताके आहेत आणि त्यांच्या भाषांना राज्यभाषेचा दर्जा आहे, असे वाचनात आले. आपल्याकडील भाषिक अल्पसंख्याकांपेक्षा ही सोय बरी नाही का?

उत्तर : कागदावर ती निश्चितच बरी आहे. १९९३ च्या रशियन राज्यघटनेने प्रजासत्ताकांना रशियनच्या जोडीने आपली राज्यभाषा ठरवण्याचा अधिकार दिला, आणि तातारस्तानने त्याचा पुरेपूर उपयोग करून शाळेतील प्रत्येक मुलाला, मग ते रशियन घरातले का असेना, तातार भाषा सक्तीची केली. रशियन पालक त्यावर नाराज होते आणि त्यांच्या तक्रारीतही तथ्य होते. मॉस्को आणि तातारस्तान यांच्यातील अधिकारवाटपाचा करार १९९४ चा. २००७ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले, पण २०१७ मध्ये मुदत संपल्यावर मॉस्कोने तो पुढे चालवला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पुतिन यांनी मारी एल या दुसऱ्या प्रजासत्ताकाच्या राजधानीत, जी भाषा एखाद्याची मातृभाषा नाही ती त्याला सक्तीने शिकवणे योग्य नव्हे, असे जाहीर केले. मग सरकारी वकिलांनी शाळाशाळांची तपासणी केली, तातारचे आठवड्याचे पाच-सहा तास दोनवर आले आणि तेही पालकांची लेखी संमती असेल तरच. २०१८ मध्ये त्यावर संघराज्याच्या कायद्याचे शिक्कामोर्तब झाले.

वरवर पाहता हे धोरण उदार वाटते. परंतु रशियन मात्र सर्वांना सक्तीचीच राहिली, आणि शालान्त परीक्षा २००९ पासून केवळ रशियनमधून होते. विषय ऐच्छिक झाला आणि परीक्षेत त्याला स्थान उरले नाही, की त्या तासाला वर्गात किती मुले राहतात, हे आपल्याला आम्ही सांगायला नको. २०२० च्या घटनादुरुस्तीने तर रशियन ही ‘राज्य घडवणाऱ्या लोकां’ची भाषा असल्याचे घटनेतच लिहून टाकले, उरलेल्या लोकांनी मग काय घडवले, असा प्रश्न तातारस्तानची राजधानी कझानमध्ये कोणाच्या मनात आला नसेल तरच नवल. स्वतःला उदमुर्त म्हणवणाऱ्यांची संख्या २०१० च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात होती, ती २०२१ मध्ये चार लाखांच्याही खाली गेली. भाषेच्या या ऱ्हासाकडे लक्ष वेधण्यासाठी आल्बर्ट राझिन या वयोवृद्ध उदमुर्त अभ्यासकाने सप्टेंबर २०१९ मध्ये उदमुर्तांच्या प्रजासत्ताकाची राजधानी इझेव्हस्क येथील विधिमंडळासमोर स्वतःला पेटवून घेतले. भाषाधोरणात त्यानंतरही बदल झाला नाही.

तातारस्तानच्या तातारांहून वेगळ्या असलेल्या क्रिमियाच्या तातारांची कहाणी याहून जुनी आणि याहून कठोर आहे. १७८३ मध्ये रशियन सम्राज्ञी कॅथरीनने त्यांचे राज्य खालसा केले. १८ मे १९४४ पासून अवघ्या तीन दिवसांत स्टालिनच्या राजवटीने सुमारे १ लाख ९० हजार तातारांना मालगाड्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानात नेऊन टाकले. शत्रूला सामील झाल्याचा ठपका अख्ख्या जमातीवर ठेवला गेला. लाल सैन्यात लढत असलेल्या तातार जवानांची घरेही त्यातून सुटली नाहीत. हजारो माणसे वाटेत आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मेली. चेचेन, इंगुश आणि कल्मिक या हद्दपार लोकांना १९५७ मध्ये परतण्याची परवानगी मिळाली, पण क्रिमियाच्या तातारांना १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली. इतक्या कष्टाने परतलेल्या या लोकांना २०१४ मध्ये मॉस्कोचा अंमल पुन्हा आलेला पाहावा लागला. नव्या प्रशासनाने रशियन, युक्रेनियन आणि क्रिमियन तातार अशा तिन्ही भाषांना राज्यभाषा म्हटले खरे. मात्र तातारांचे नेते मुस्तफा जेमिलेव यांना क्रिमियात प्रवेश नाकारण्यात आला आणि मजलिस या त्यांच्या प्रातिनिधिक संस्थेवर २०१६ मध्ये ‘अतिरेकी’ ठरवून बंदी घालण्यात आली.

सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख माणसांची सैन्यभरती जाहीर झाली, तेव्हा दागेस्तान या अल्पसंख्याकांच्या प्रजासत्ताकात बायका रस्त्यावर उतरल्या. बुर्यातिया आणि तुवा या गरीब प्रजासत्ताकांतील मृतांची संख्या लोकसंख्येच्या मानाने मॉस्कोपेक्षा कितीतरी अधिक आहे. लष्करी नोकरी हाच घरचा आधार असलेली अनेक गावे आपल्या भागातही आहेत, त्यामुळे असे का घडते हे येथे उलगडून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न (एक माजी सैनिक, बेळगाव) : संयुक्त राष्ट्रांत भारत तटस्थ का राहिला? आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने यात काही केले का?

उत्तर : क्रिमियासंबंधीच्या मार्च २०१४ च्या ठरावावर भारत तटस्थ होता आणि २ मार्च २०२२ च्या ठरावावरही, या दुसऱ्या ठरावाच्या बाजूने १४१, विरोधात ५ मते पडली आणि ३५ देश तटस्थ राहिले. रशियन शस्त्रांवरचे अवलंबन आणि काश्मीरच्या प्रश्नावर भारताच्या बाजूने सोव्हिएत संघाने १९५७ व १९६२ मध्ये वापरलेला नकाराधिकार ही यामागची कारणे सर्वपरिचित आहेत. भारत सार्वभौमत्वाच्या आदराचा उच्चार करतो, पण रशियाचे नाव घेऊन निषेध करत नाही. सरकारच्या या अडचणी आम्हाला समजतात. वाचकाने आपले मत त्यांना बांधून घेण्याचे मात्र कारण नाही.

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने युक्रेनच्या दाव्यावर एप्रिल २०१७ मध्ये, मजलिसला काम करू द्यावे आणि युक्रेनियन माध्यमाचे शिक्षण उपलब्ध ठेवावे, असा अंतरिम आदेश दिला. ३१ जानेवारी २०२४ च्या अंतिम निकालात युक्रेनचे बहुतेक आरोप फेटाळले गेले, आणि मजलिसवरील बंदी वांशिक भेदभावाची असल्याचेही न्यायालयाने मानले नाही. मात्र ती बंदी कायम ठेवून रशियाने न्यायालयाचा अंतरिम आदेश मोडला, असा निर्णय दिला. शिक्षणाच्या बाबतीतही रशिया दोषी ठरला, कारण २०१४ नंतरच्या पहिल्याच वर्षात क्रिमियातील युक्रेनियन माध्यमाच्या विद्यार्थ्यांची संख्या ८० टक्क्यांनी घटली होती आणि त्याचे समाधानकारक कारण रशियाला देता आले नाही. निकालानंतरही रशियाने बंदी उठवली नाही. मजलिसचे नेते किव्हमधूनच काम पाहतात.