रहिवासी संघातील स्वयंसेवी समित्या प्रत्यक्षात कशा चालवाव्यात?

तुम्ही विचारले आहे की इंदूरला बायपासजवळच्या तुमच्या सुमारे दीडशे घरांच्या कॉलनीत आमसभेने पाणी, स्वच्छता, बगीचा, सुरक्षा, उत्सव आणि समन्वय अशा सहा समित्या नेमल्या, प्रत्येकीत पाच-सात नावे घातली, आणि तरीही काही महिन्यांतच सगळी कामे फिरून अध्यक्ष व सचिव यांच्याच गळ्यात येऊन पडली. अशा वेळी लोकांना कामाला कसे लावावे आणि त्यासाठी मानधन द्यावे का. मी शहराच्या पश्चिम भागातील एका जुन्या, प्लॉटच्या कॉलनीत राहतो. तेथील संघाच्या पाणी समितीत मी बरीच वर्षे आहे आणि मधल्या काळात कार्यकारिणीतही होतो. त्या अनुभवाच्या आधारे लिहीत आहे.

माझ्या मते दोष लोकांच्या आळसाचा नसतो. समितीकडे काम सोपवले जाते, पण ते काम स्वतःच्या निर्णयाने तडीस नेण्याचा अधिकार तिला कोणी देत नाही. बगीचा समितीचेच पाहा. पाण्याचा पाइप फाटला, तर नवा आणण्यासाठी समितीचे काका सचिवांना विचारतात, सचिव अध्यक्षांकडे बोट दाखवतात, अध्यक्ष म्हणतात की कोषाध्यक्ष पुण्याहून मुलाकडून परत आले की बघू, आणि तोवर मे महिन्याच्या उन्हात हिरवळ करपून जाते. असे दोन-तीनदा झाले की तेच काका सचिवांना फोन करून “बगीच्याला पाणी नाही, जरा लक्ष घाला” असे सांगू लागतात. त्या दिवशी समितीचा एक सदस्य कमी झालेला असतो आणि कॉलनीत एक तक्रारदार वाढलेला असतो. यादीत मात्र नाव तसेच राहते.

म्हणून समिती नेमताना नावांच्या यादीपेक्षा ठरावाच्या मजकुराकडे अधिक लक्ष द्यावे. कार्यकारिणीच्या कार्यवृत्तात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: समितीच्या कक्षेत नेमके काय येते, कोणालाही न विचारता ती महिन्याला किती खर्च करू शकते, आणि तिच्या वतीने उत्तर देणारी एक व्यक्ती कोण. खर्चाची मर्यादा दोन-तीन हजारांची असली तरी पुरते, कारण रोजची अडलेली कामे बहुधा तेवढ्याच किमतीची असतात. पावती जोडायची आणि हिशेब महिनाअखेरीस द्यायचा, एवढीच अट ठेवावी. खर्चानंतर “हे कशाला आणले” असा प्रश्न कार्यकारिणीतील कोणी विचारू लागला, तर त्याला अध्यक्षांनी त्याच बैठकीत थांबवले पाहिजे. नाहीतर लिहून दिलेला अधिकार कागदावरच राहतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. तुमचा संघ मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी अधिनियम, १९७३ खाली नोंदलेला असेल, तर निबंधकापुढे उत्तरदायी असते ती कार्यकारिणी; समिती हे केवळ तिने सोयीसाठी उभे केलेले अंग असते. बहुमजली इमारती असतील तर २००० सालचा प्रकोष्ठ स्वामित्व (म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा) अधिनियम आणि सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर १९६० चा सहकारी संस्था अधिनियम लागू होतो, पण या मुद्द्यापुरता फारसा फरक पडत नाही. यातून निघणारी व्यावहारिक गोष्ट एवढीच की कोणत्याही समितीने आपले वेगळे बँक खाते उघडू नये आणि संघाच्या नावाने कोणताही करार परस्पर करू नये.

आता पाण्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण समिती म्हणजे काय हे इंदूरच्या माणसाला पाण्याइतके दुसरे काहीच शिकवत नाही. नर्मदेचे पाणी १९७८ पासून जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून, घाट चढून या शहरात येते, आणि आमच्याकडे ते एक दिवसाआड मिळते. आमच्या समितीचे मुख्य साधन म्हणजे एक साधी वही आहे. प्रत्येक गल्लीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या घरातील एकेक व्यक्ती पाणी किती वाजता आले, किती वेळ चालले आणि दाब कसा होता हे कळवते, आणि एक निवृत्त शिक्षिका ते वहीत तारीखवार उतरवतात. “आमच्याकडे पाणीच येत नाही” हे महापालिकेच्या झोन कार्यालयात रोज शंभर लोक सांगतात, त्यामुळे ते कोणी ऐकत नाही. पण अमुक गल्लीच्या शेवटच्या चार घरांत सलग कित्येक पाळ्या पाणी दहा मिनिटांच्या वर टिकलेले नाही, तर त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी पाऊण तास धार चांगली असते, हे वहीवरून दाखवले, तेव्हा उपअभियंत्यांनी माणूस पाठवला आणि मधला व्हॉल्व्ह अर्धा बंद असल्याचे निघाले. ‘इंदूर ३११’ अ‍ॅपवर तक्रार आम्हीही करतो, ती केलीच पाहिजे, आणि फारच अडले तर १८१ ची मुख्यमंत्री हेल्पलाइन आहेच. मात्र तक्रारीच्या मागे नोंद असली म्हणजे तिला वजन येते. तुमची कॉलनी बायपासच्या बाजूची असल्याने कदाचित तुम्ही बोअरवेल आणि टँकरवर असाल. मग वहीत मोटर किती तास चालली, टँकर कोणत्या दिवशी आला आणि किती भरलेला होता हे लिहा. एप्रिल-मेमध्ये टँकरवाल्याशी दर ठरवताना मागच्या उन्हाळ्याची वही हाताशी असणे आणि नसणे यांत मोठा फरक पडतो.

या वहीमुळे एक नाजूक प्रकरणही उघड होते, आणि बहुतेक समित्या तिथेच मोडतात. दाब कमी असण्याचे कारण पुष्कळदा असे असते की एखाद्या घराने थेट लाइनला मोटर लावलेली असते. ते कोण हे गल्लीत सर्वांना ठाऊक असते. अशा वेळी समितीच्या सदस्याने त्या घराची घंटा वाजवू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याच घरी संक्रांतीला त्याची बायको हळदीकुंकवाला जाते, त्यांची मुले एकाच रिक्षाने शाळेत जातात. एका मोटरपायी हे संबंध बिघडवण्याची अपेक्षा आपण स्वयंसेवकाकडून करू शकत नाही, आणि केली तर पुढच्या महिन्यात तो “ऑफिसचे काम वाढले आहे” असे सांगून मोकळा होतो. समितीने फक्त निरीक्षण नोंदवून द्यावे. पत्र जायचे ते संघाच्या कागदावर, सचिवांच्या सहीने, आणि आधी कोणाचेही नाव न घेता संपूर्ण गल्लीला जावे. पदाधिकाऱ्यांना लोकांनी निवडून दिले आहे ते अशी कटुता अंगावर घेण्यासाठीच. तुमच्या अध्यक्ष-सचिवांनी कामाचा भार समित्यांकडे जरूर द्यावा, पण हा भाग स्वतःकडे ठेवावा.

स्वच्छता समितीचे स्वरूप आपल्या शहरात वेगळे आहे. २०१७ पासून देशात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या इंदुरात कचरागाडी रोज दारात येते आणि तिच्यात ओल्या-सुक्या कचऱ्यासह सहा प्रकारांसाठी वेगवेगळे कप्पे असतात. त्यामुळे कचरा उचलण्याची काळजी संघाला नाही. समितीकडे उरतात ती रिकामे प्लॉट, भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांची घरे आणि बगीच्यातील वाळलेला पाला, आणि या तीन गोष्टींसाठी सात माणसे लागत नाहीत. वॉर्डाच्या दरोग्याचा, म्हणजे महापालिकेच्या सफाई मुकादमाचा, नंबर ज्याच्याकडे आहे आणि जो सकाळी गाडीच्या वेळी घरी असतो, असा एक माणूस पुरेसा आहे. लोकांना खरोखरच हलवायचे असेल तर गल्ल्यांमध्ये चढाओढ लावावी. ही युक्ती या शहरात शंभर वर्षांची आहे: १९१७ मध्ये तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस येथे आले होते, तेव्हा प्लेगने शहर हैराण होते. त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग बदलला आणि ज्या गल्ल्यांनी आपली घरे व रस्ते सर्वांत चांगले साफ केले असतील, त्या गल्ल्यांतून मिरवणूक जाईल असे जाहीर केले. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी जे केले, ते एखाद्या फर्मानाने झाले नसते.

उत्सव समितीची चिंता करू नका; गणपतीच्या दहा दिवसांत माणसे कमी पडल्याचे मी इंदुरात पाहिलेले नाही. तिथे खरा प्रश्न वर्गणीचा असतो. पावतीपुस्तके संघाची असावीत, पैसा संघाच्या खात्यात यावा, आणि आरतीचा प्रसाद, मांडव, ढोल-ताशा यांचा हिशेब विसर्जनानंतरच्या पंधरवड्यात फलकावर लागावा. उत्सवाचा दुसरा उपयोग मात्र जरूर करून घ्यावा. मांडवात कोण मुलगा न सांगता खुर्च्या आवरतो, कोणत्या ताई पाककला स्पर्धेची यादी न चुकता सांभाळतात, हे त्या दहा दिवसांत दिसते, आणि पुढे वर्षभर कोणाला काय सांगावे हे तेव्हाच ठरवता येते. आमसभेत “कोण पुढे येतंय?” असे विचारले की बोलकी माणसे हात वर करतात, कामाची माणसे घरी जाऊन विचारावी लागतात. विचारताना “समितीत या” असे मोघम न म्हणता “उन्हाळ्याचे चार महिने टँकरची वही तुम्ही ठेवाल का?” असे विचारावे, म्हणजे कामाला शेवट आहे हे समोरच्याला कळते आणि होकार सोपा जातो. मुदत संपली की त्यांना खरोखर मोकळे करावे. तेच पुढच्या वर्षी पुन्हा तयार होतात. आणखी एक: आमच्याकडे पुष्कळ काळ समितीच्या यादीत नाव यजमानांचे आणि काम बाईंचे असा प्रकार होता. यादीत काम करणाऱ्याचेच नाव घाला, आणि बैठकही संध्याकाळी सहाला, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी, ठेवू नका.

तुमच्या सहा समित्यांपैकी समन्वय समिती मी आजच बरखास्त करेन. समन्वय हे सचिवांचे काम आहे, आणि त्यासाठी वेगळी समिती असली की प्रत्येक निर्णयाला आणखी एक दार लागते. सुरक्षा समितीही पाणी किंवा बगीचा यांच्यासारखी रोज राबणारी नसते. पहारेकऱ्याची हजेरी आणि कॅमेऱ्यांची देखभाल एका व्यक्तीकडे देऊन ती मिटवता येईल.

मानधनाविषयी माझे उत्तर नकारार्थी आहे, पण ते अर्धेच. समिती सदस्याला पैसे देऊ नयेत, कारण एकाला दिले की बाकीचे लगेच तुलना करू लागतात आणि पैसे न घेता काम करणारा स्वतःला मूर्ख समजू लागतो. मात्र जे काम मुळात मजुरीचे किंवा कारकुनीचे आहे, ते फुकट करून घेण्याचा हट्टही धरू नये. बगीच्याला माळी, वसुलीच्या पावत्या आणि हिशेब लिहायला महिन्यातून काही दिवस येणारा मुनीम, मोटर सुरू-बंद करायला एक माणूस, यांना रीतसर पगार द्यावा आणि तो मासिक शुल्कातूनच निघेल अशी तरतूद पुढच्या आमसभेत करून घ्यावी. तुमच्या सचिवांच्या अंगावर आज जे पडले आहे, त्यातला बराच भाग या तीन पगारी माणसांचा आहे असा माझा अंदाज आहे. तो आधी वेगळा काढा आणि मग उरलेल्या कामाला समित्या किती लागतात ते मोजा.