हॅरोत कोण कुणाला मत देतं, आणि तुम्ही कुठला पासपोर्ट घेऊन यावं

तुम्ही विचारलंत, की फोंड्याहून लंडनला नोकरीच्या व्हिसावर यायचं चाललंय, घर लंडनच्या वायव्येकडल्या हॅरोकडे बघायचंय, आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्टही निघू शकतो. तर तो काढूनच यावं का? आणि हॅरोत भारतीय एवढे वाढलेत, तर तिथलं राजकारण आता ‘आपल्या’ हातात आलंय का?

पासपोर्टचं आधी सांगतो, कारण त्याबाबत गावात अजून जुनीच माहिती फिरते. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, नव्याने येणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही इथं नोकरीसाठी व्हिसा लागतो. लंडनपुरता त्या कागदाचा आता काडीचा उपयोग नाही. उलट हातचं जातं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर साध्या वर्क व्हिसाने राहणाऱ्यालाही इथं मतदार यादीत नाव घालता येतं, आणि तेही नुसत्या कौन्सिलसाठी, म्हणजे इथल्या नगरपालिकेसाठी नव्हे, थेट पार्लमेंटसाठी. पोर्तुगीज नागरिकाला कौन्सिलचं मत आहे, दोन देशांचा तसा करार आहे, पार्लमेंटचं नाही. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात स्विंडन शहरातले पोर्तुगीज पासपोर्टवाले गोंयकार वर्षानुवर्षं कर भरूनही मतदानाच्या दिवशी घरी बसले. निकाल त्यांच्याच राहण्या-जाण्याचा लागणार होता. आणि केरळहून नुकत्याच आलेल्या नर्सला मात्र तेव्हा मत होतं!

शिवाय पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंत की भारताचं संपतं आणि गोव्यातलं मतही गेलं. भारतीय राहिलात तर ६-अ फॉर्म भरून अनिवासी मतदार म्हणून फोंड्यात नाव ठेवता येतं, फक्त मत टाकायला स्वतः तिथं जावं लागतं. युरोपात कुठं जायचं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता वस्तीचं. २००१ मध्ये लंडनमध्ये गोरे ब्रिटिश साठ टक्क्यांच्या आसपास होते, २०११ ला ४४.९, २०२१ ला ३६.८. हॅरोत २०२१ ला आशियाई ४५ टक्के आणि चारातला एक माणूस हिंदू. पण ‘आशियाई’ या एका रकान्यात कोण कोण बसतं ते बघा. सगळ्यात जुने युगांडा-केनियाचे गुजराती. त्यातले युगांडावाले १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललं तेव्हा ब्रिटिश पासपोर्ट घेऊन आलेले. मग श्रीलंकेचे तमिळ, पाकिस्तानी, अलीकडचे आयटीवाले तेलुगू आणि आपण मराठी. रुमानियन लोकही आता भरपूर आहेत, ते अर्थात वेगळ्या रकान्यात. आमच्या रस्त्यावर तीन घरं सोडून राहणारे गुजराती काका नव्या भाडेकरूंबद्दल जे बोलतात ते ऐकलं, तर म्हापशाच्या बाजारात ‘भायले आयले’, म्हणजे बाहेरचे आले, असं म्हणणारे आठवतील.

मतदान तर त्याहून गुंतागुंतीचं. एकेकाळी स्थलांतरित म्हणजे लेबर पक्षाचा मतदार, असा हिशेब होता. गुजराती दुकानदारांची पोरं डॉक्टर, अकाउंटंट झाली, स्वतःची घरं झाली, आणि त्यातले बरेच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे सरकले. १९७२ ला त्यांना थारा देणारं सरकार हीथचं, कॉन्झर्व्हेटिव्हच होतं, हेही जुनी माणसं सांगतात. २०२२ ला हॅरो कौन्सिल लेबरकडून कॉन्झर्व्हेटिव्हांनी घेतलं, ३१ विरुद्ध २४. २०२४ ला देशभर त्यांचं पानिपत झालं तरी हॅरो ईस्टमध्ये बॉब ब्लॅकमन टिकले. आणि शेजारच्या हॅरो वेस्टमध्ये लेबरचे गॅरेथ थॉमस १९९७ पासून आहेत ते आहेतच. लेस्टर शहरातली लेस्टर ईस्ट ही २०२४ ला कॉन्झर्व्हेटिव्हांनी दुसऱ्याकडून खेचलेली एकमेव जागा. शिवानी राजा तिथं निवडून आल्या. तो भारतीयांचा एकगठ्ठा कौल म्हणून आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरला, पण त्याच मतदारसंघात लेबरचे दोन माजी खासदार, त्यातले एक कीथ वाझ, लेबरच्या विरोधात उभे होते आणि मतं फुटली होती, ते कुणी फॉरवर्ड केलं नाही.

गोव्याच्या माणसाला हे नवं वाटू नये. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं, विलीनीकरणाची खूण ‘फूल’ हरलं, विरोधाची ‘दोन पानं’ जिंकली. आणि मार्चमध्ये त्याच गोव्याने विलीनीकरणवाल्या मगोला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, आणि भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. डोकी मोजून मतं ठरवणाऱ्यांची तेव्हाही पंचाईत झाली होती. हॅरोत दारावर येणारे उमेदवार पार्किंग, कचऱ्याचे डबे, कौन्सिल टॅक्स आणि स्टेशनालगत उठणाऱ्या टॉवरांबद्दल बोलतात. दिवाळीच्या शुभेच्छांचं पत्रक मात्र सगळेच टाकतात.

घर बघताना म्हणून ‘आपली वस्ती’ हा निकष खाली ठेवा. मराठी माणसं भेटायला डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं. हॅरोहून ते काही फार लांब नाही.

आल्यावर पहिल्याच महिन्यात मतदार यादीत ऑनलाइन नाव घाला. क्रेडिट स्कोअरलाही त्याचा फायदा होतो, घरभाड्याला आणि कर्जाला तो बघतात. मतदान गुरुवारी असतं, सुट्टी नसते, सकाळी सात ते रात्री दहा. केंद्र म्हणजे बहुधा शाळा नाहीतर चर्चचा हॉल, बोटाला शाई नाही, आणि मत चक्क दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारून द्यायचं. फोटो ओळखपत्र लागतं, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो. तो नेमका तेव्हा नूतनीकरणाला गेलेला असेल तर आधीच पोस्टल मत मागून घ्या.