हिशेबात न बसणारे तीन मिलिमीटर

प्रश्न: मी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याची शाखा, घ्यायचं मनात आहे. विभागात दातांच्या एका प्लास्टर मॉडेलवर वरच्या-खालच्या दातांच्या रुंदीचं प्रमाण काढायला, म्हणजे बोल्टन अ‍ॅनालिसिस करायला दिलं होतं. रुग्णाचे वरचे दोन्ही लॅटरल, म्हणजे मधल्या दोन दातांच्या शेजारचे पटाशीचे दात, बारीक आहेत. तीनदा मोजलं, तर पुढच्या सहा दातांचं प्रमाण ८२.१, ८३.३ आणि ८४ टक्के असं आलं. सीनियर म्हणतात, मनावर घेऊ नकोस, आता स्कॅनर आणि सॉफ्टवेअरच सगळं काढून देतं. मग या शाखेत माणसाला काम काय उरणार? की माझा हातच या कामाचा नाही?

उत्तर: तुझ्या हाताची काळजी सोड. वेन बोल्टन यांनी १९५८ मध्ये उत्तम चावा असलेल्या ५५ मॉडेलांवरून प्रमाण काढलं. खालच्या सहा दातांची रुंदी वरच्या सहांच्या ७७.२ टक्के भरते. पहिल्या दाढेपासून पहिल्या दाढेपर्यंतचे बारा-बारा दात धरले तर ९१.३ टक्के. तुझं सर्वांत कमी उत्तरसुद्धा ८२.१ आहे. म्हणजे खालच्या दातांची रुंदी जास्त किंवा वरच्यांची कमी, हे तिन्ही वेळा एकच निघालं. बदलले ते फक्त मिलिमीटर.

मधली मोजणी घेऊ. समज, वर ४२ मिमी आणि खाली ३५. ३५ ला ०.७७२ ने भागलं की ४५.३ येतात, म्हणजे वर ३.३ मिमी कमी. आता ४२ ला ०.७७२ ने गुण. ३२.४ येतात, म्हणजे खाली २.६ मिमी जास्त. एकाच तोंडाची ही दोन उत्तरं बघून पुष्कळ जण गोंधळतात. वर भर घालायची झाली तर किती, हे पहिलं सांगतं. खाली घासायचं झालं तर किती, हे दुसरं. कुठली बाजू बदलायची ते न ठरवता वहीत नुसता आकडा लिहिला, तर तो कुणाच्याच उपयोगाचा नाही.

तीनदा तीन उत्तरं का आली? एका दातामागे ०.१ मिमीची चूक डोळ्याला दिसतही नाही. पण सगळ्या चुका एकाच बाजूला झुकल्या तर सहा दातांवर ०.६ मिमी होतात, बारांवर १.२. साधारण १.५ मिमीपर्यंतची तफावत उपचारात फारशी मोजत नाहीत, हे लक्षात घेतलं तर निव्वळ मोजणाऱ्या हाताच्या चुकीत त्यातला केवढा भाग वाहून जातो ते कळेल. नेहमीची कारणं अशी: कॅलिपरची (रुंदी मोजायच्या चिमट्याची) टोकं जाड, त्यामुळे ती दोन दातांच्या सांध्यात शिरत नाहीत. फिरलेला दात स्वतःच्या अक्षाला धरून न मोजता कमानीच्या रेषेत मोजलेला. संपर्कबिंदूवर प्लास्टरचा बुडबुडा. किंवा खुद्द दाताच्या कडेला जुनं, फुगीर फिलिंग. टोकं बारीक करून घे, दाताचा सर्वांत रुंद भाग पकड, प्रत्येक दात दोनदा मोज आणि ०.२ पेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. पहिला आकडा झाकून दुसरा घ्यायचा, नाहीतर हात आपोआप जुन्या आकड्यापाशी जाऊन थांबतो.

इथवर जे सांगितलं ते यंत्र खरंच करतं, आणि चांगलं करतं. तरी सॉफ्टवेअर दातांच्या सीमा स्वतः आखतं, आणि गर्दी असलेल्या तोंडात संपर्कबिंदू स्कॅनरला दिसतच नाही, तिथे ते अंदाज बांधतं. ती आखणी माणसाने तपासायची असते. अलाइनरच्या (दात सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांच्या) आराखड्यात तर तफावत फार सभ्यपणे लपते: पडद्यावर दात सुबक जुळलेले दिसतात आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात पाच जागी घासण्याचे आकडे असतात. ते न वाचता मंजुरी दिली तर जबाबदारी सॉफ्टवेअरची नसते.

खरं काम त्यापुढे सुरू होतं: हे तीन मिलिमीटर कुठे घालवायचे? तुझ्याच रुग्णात तीन वाटा आहेत.

खालचा एक पटाशीचा दात काढायचा, ही पहिली. तो पाच-साडेपाच मिमीचा असतो. जास्तीचे आहेत २.६. काढल्यावर उलट्या बाजूची तफावत जवळपास तेवढीच उरते आणि वरचे दात पुढे राहतात. ही वाट बंद.

दुसरी, खालचे दात कडेने घासणं. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत पाच सांधे. प्रत्येक सांध्यात ०.५ मिमी, म्हणजे एका पृष्ठभागावर ०.२५, एवढंच धरलं तरी २.५ होतात. बसतं, पण अगदी काठावर. त्यातही दात त्रिकोणी आकाराचे असतील तर घासणं शोभतं. कडा समांतर असतील तर मुळं एकमेकांच्या जवळ येतात. दात सरळ होण्याआधीच घासायची पट्टी चालवली तर संपर्कबिंदू हाती लागत नाही आणि पायरी पडते. शिवाय घासलेलं इनॅमल परत येत नाही. आणि एवढं करूनही वरचे बारीक लॅटरल बारीकच राहतात.

तिसरी, त्या लॅटरलना कंपोझिटची (दाताच्या रंगाच्या फिलिंगची) भर. ३.३ चे दोन भाग केले की प्रत्येकी १.६५. पाच मिमीचा दात ६.६५ होतो, आणि लॅटरलची सरासरी रुंदी ६.५ च्या आसपासच असते. आकड्यांनी आपणहून रस्ता दाखवला असं क्वचित होतं, इथे झालंय. पण त्यासाठी जागा आधी राखावी लागते: ओपन कॉइल स्प्रिंगने (दात एकमेकांपासून दूर ढकलणाऱ्या स्प्रिंगने) लॅटरलच्या दोन्ही बाजूंना फट ठेवायची, भर घालणाऱ्या डॉक्टरांना तारा काढण्यापूर्वी दाखवायची, आणि रिटेनर (तारा काढल्यावर दात जागच्या जागी धरणारा साचा) भर घातल्यानंतर बनवायचा. आधी बनवला तर तो बसणारच नाही.

हे सुरुवातीला ठरलं नाही तर काय होतं? दाढा आणि सुळे बरोबर जागी येतात, आणि लॅटरलमागे फट उरते. फट ओढून बंद केली तर वरचे पुढचे दात मागे येऊन खालच्यांवर कडेला कड टेकतात. दीड-दोन वर्षांनी तारा काढायच्या वेळी हे लक्षात येणं, रुग्णाला सांगणं, हा या शाखेतला सर्वांत अवघड संवाद.

मात्र टक्केवारीच्या भरवशावरही राहू नकोस. बोल्टनचा आकडा दातांची जाडी बघत नाही, कलही बघत नाही. वरचे पटाशीचे दात फार उभे झाले असतील तर ते कमानीत कमी जागा व्यापतात, आणि रुंदीची तूट नसतानाही तशी भासते. आधी कल दुरुस्त कर, मग निष्कर्ष. चार उपदाढा काढल्या असतील तर बारा दातांचं प्रमाण आपोआप खाली येतं, तिथे ९१.३ लावायचं नाही. जबडाच मागे किंवा पुढे असेल तर तो प्रश्न दातांच्या रुंदीचा नव्हेच, त्याला बाजूचा एक्स-रे लागतो.

आता निवडीचं. या शाखेला वायर वाकवणारा हात लागतो, तो सरावाने येतो. उपचार साधारण दीड ते दोन वर्षं चालतो आणि पहिल्या दिवशीचा निर्णय शेवटच्या महिन्यात तपासला जातो. ही वाट बघणं सरावाने येतंच असं नाही. केलेलं काम त्याच दिवशी डोळ्यांसमोर हवं असेल, तर कॉन्झर्व्हेटिव्ह (फिलिंग, रूट कॅनालची शाखा) किंवा सर्जरी तुला जास्त मानवेल, आणि त्यात कमीपणा नाही.

अर्ज भरण्याआधी एक करून बघ. याच मॉडेलची नक्कल घे. पुढचे दात बारीक करवतीने सुटे कर, खालून वर कापत ये आणि संपर्कबिंदूजवळ पोचलीस की करवत थांबवून दात हाताने मोड, नाहीतर पातं रुंदीच खाऊन टाकतं. दाढा जागच्या हलवू नकोस. मेणात आधी खालचे सहा बसव, मग वरचे, खालच्यांपेक्षा २-३ मिमी पुढे ठेवून. वरची उरलेली फट मोज आणि ३.३ शी ताडून बघ. उत्तर जुळलं नाही तर कुठला दात कलला ते शोध आणि मेण पुन्हा गरम कर. दुसऱ्यांदा मेण गरम करताना वैताग येतो की उत्सुकता वाटते, ते मला कळव.